चादरीच्या दुकानात चटणी ठेवायची म्हणजे गुन्हा आहे का?

चादरी-टॉवेल विकायला लागणारे सगळे कागद माझ्याकडे आहेत. वर्षानुवर्षं सोलापुरात दुकान चालवतोय, कर भरतोय. त्याच फळीवर शेंगाचटणीची पाकिटं ठेवायची म्हटली, तर एकदम मी कोण, कुठला, दुकान माझंच कशावरून इथून सुरुवात!

गिऱ्हाईक स्वतः मागतं हो. अक्कलकोट, पंढरपूर करून आलेली पुण्या-मुंबईची माणसं चादर बांधून घेतात आणि विचारतात, चटणी आहे का, कडक भाकरी आहे का. घरी आमच्या काकू उखळात कुटून फर्स्ट क्लास चटणी करतात. म्हटलं, करू सुरू.

अन्नाची नोंदणी लागते, मान्य. लोकांच्या पोटात जाणारी वस्तू आहे, तपासा की. पाकिटं भरणार म्हणून वजनमापवाल्यांकडे पॅकर म्हणून वेगळी नोंदणी, 500 रुपये, तेही मान्य. इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी शिक्का, मान्य. लेबलवर अन्न नोंदणीचा 14 आकडी नंबर, एमआरपी, वजन, पॅकिंगचा महिना, तक्रारीसाठी फोन, सगळं छापीन. शेंगाचटणीच्या पाकिटावर ‘यात शेंगदाणे आहेत’ अशी ॲलर्जीची सूचनासुद्धा छापीन. आता बोला.

डोकं फिरतं ते पुढं. कामगार मोजकेच असतील तर राज्याच्या 2017 च्या दुकान कायद्याप्रमाणं दुकानदारानं नुसतं ऑनलाइन कळवायचं, त्याची पावती मिळते, झालं. ही सरकारचीच पावती घेऊन एका टेबलावर गेलो, तर साहेब म्हणतात, “ही पावती आहे, शॉप ॲक्टचं लायसन आणा.” अहो, तो कागद कायद्यातच नाही, आणू कुठून? छापू? वर म्हणे यात व्यवसाय कापड लिहिलाय.

आणि पत्त्याच्या पुराव्याला लाइट बिल! दुकान वडिलांपासून भाड्यानं आहे. मीटर अजून मालकाच्या वडिलांच्या नावावर. ते वारून जमाना झाला, आणि वारस भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, कोर्टात केस चालू आहे. मला म्हणतात, सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र आणा. जे भाऊ बापाच्या वर्षश्राद्धाला एकत्र बसले नाहीत, ते माझ्या चटणीसाठी बसणार? याच पत्त्यावर, याच भाडेकरारावर माझा जीएसटी नंबर चालतो. चादरीला चालणारा पत्ता चटणीला का चालत नाही?

बरं, सरकारला जमत नाही असंही नाही. छोट्या उद्योगांची नोंदणी होते त्या सरकारी ‘उद्यम’ पोर्टलवर नवा व्यवसाय घरबसल्या, फुकटात जोडला मी. आधार, ओटीपी, संपलं. म्हणजे माहिती सगळी तिथं आहे, फक्त या टेबलाला त्या टेबलाचं बघायचं नाही. ज्याला त्याला माझ्याच पायांनी आणलेली झेरॉक्स पाहिजे, तीही स्वतःच्या सहीची.

शेजारचा दोस्त म्हणतो, “कशाला डोकं लावतो बे, एजंट धर.” एजंटनं सांगितलेला आकडा सरकारी फीच्या कितीतरी पट. आणि गंमत बघा, एजंटला ना वारसांच्या सह्या लागतात, ना लायसन. पैसे दिले की तोच भाडेकरार चालतो म्हणे! मग मला का फिरवताय रे?

आणि नियम असा की अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं. लावतो की. फ्रेम करून लावतो. आधी द्या तर!