"एका कमांडचं काम होतं" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं की जेन्टूची (सोर्स कोडवरून मशीनवरच पॅकेजेस बांधणाऱ्या लिनक्सची) प्रोफाइल बदलणं हे एका कमांडचं काम, तरी आम्ही दिवसभर घेतला. तेवढा वेळ सर्व्हर रखडला. आणि व्यवस्थित चालणारी पॅकेजेस पुन्हा बांधून आम्ही बिल फुगवलं, असंही तुम्ही म्हणता. हे इतरही वाचणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कमांड एकच, हे खरं. 'इसिलेक्ट प्रोफाइल सेट' दिलं की 'मेक डॉट प्रोफाइल' नावाची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) दुसऱ्या डिरेक्टरीकडे वळते. बस्स. डिस्कवरची एकही बायनरी, म्हणजे बांधून तयार झालेला प्रोग्रॅम, त्याने बदलत नाही. प्रोफाइल म्हणजे सोर्स कसा कंपाइल करायचा याचे ठरलेले डिफॉल्ट. ते बदलल्याचा उपयोग पॅकेजेस त्यांच्यानुसार पुन्हा बांधली तरच.

तुमचा सर्व्हर १७.१ या जुन्या प्रोफाइलवर होता. २३.० प्रोफाइल मार्च २०२४ मध्ये आल्या आणि जुन्यांना उतरती कळा लागली. जुनी प्रोफाइल रिपॉझिटरीतून काढली की ती सिमलिंक लटकते आणि पोर्टेज (जेन्टूचं पॅकेजेस बांधणारं साधन) काम करेनासं होतं. "चालतंय ना, राहू द्या" म्हणण्याची सोय नव्हती.

आता खरी मेख. २३.० च्या यादीत साधी प्रोफाइल दिसते आणि तिच्या शेजारी 'स्प्लिट-यूएसआर' असं शेपूट असलेली, म्हणजे 'बिन' ही प्रोग्रॅमची डिरेक्टरी आणि 'यूएसआर'मधलं 'बिन' वेगवेगळं ठेवणारी. तुमच्या मशीनवर ओपनआरसी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) आहे आणि 'बिन' ही खरीखुरी डिरेक्टरी आहे, 'यूएसआर'च्या आतल्या 'बिन'कडे जाणारी सिमलिंक नव्हे. १७.१ ची साधी प्रोफाइल याच रचनेची होती, २३.० ची साधी मात्र मर्ज्ड-यूएसआर, म्हणजे दोन्ही 'बिन' एकत्र केलेली रचना, गृहीत धरते. नुसतं नाव जुळवून निवडली असती, तर खाली एक रचना आणि वर दुसऱ्याच रचनेची पॅकेजेस असा खेळ झाला असता. नेटवरच्या "दोन सेकंदांत" सांगणाऱ्यांना हा फरक दिसत नाही, कारण मशीन त्यांचं नसतं.

पुढे बिनयुटिल्स, जीसीसी आणि ग्लिबसी (लिंकर वगैरे साधनं, कंपायलर आणि मूळ सी लायब्ररी) याच क्रमाने बांधले, जुनी साठवलेली बायनरी पॅकेजेस पुसली आणि मग 'एम्प्टीट्री' (सगळं पुन्हा बांधायला लावणारा पर्याय) लावून अख्खी सिस्टीम नव्याने बांधली. ही आमची हौस नाही, जेन्टूच्या अधिकृत सूचनांतच ते आहे. २३.० मध्ये सुरक्षेचे डिफॉल्ट कडक झाले आहेत आणि जुन्या बायनरींत ते आपोआप शिरत नाहीत.

सर्व्हर रखडल्याचं म्हणाल, तर वेब आणि मेल दोन्ही चालू ठेवूनच काम केलं. कंपाइलला सर्वांत कमी प्राधान्य दिलं आणि एका जॉबमागे (एकाच वेळी चालणाऱ्या कंपाइलच्या कामामागे) साधारण २ जीबी रॅम धरून जॉब मर्यादित ठेवले. जॉब वाढवले असते तर लवकर उरकलं असतं, पण मेमरी संपून डेटाबेस पडण्याचा धोका होता. तो मी पत्करणार नाही, तुम्ही सांगितलंत तरी.

बिल आधी कळवलेल्या दरानेच आहे, आणि मशीन कंपाइल करत बसतं त्या तासांचे पैसे आम्ही लावत नाही. लॉग फोल्डरमधली 'इमर्ज डॉट लॉग' उघडा; कोणतं पॅकेज कधी सुरू झालं, कधी संपलं, सगळं तिथे आहे. बिलाशी ताडून पाहा, आणि एखादी ओळ जुळली नाही तर ती आम्हाला पाठवा.