कोटा कागदावर, तेल हॉर्मुझच्या आत

ओपेक प्लस या तेल उत्पादक देशांच्या गटाची बैठक झाली की टीव्हीवर पट्टी सरकते, 'उत्पादन वाढवणार, तेल उतरणार'. आखातात जरा खुट्ट झालं की दुसरी पट्टी, 'तेल भडकणार'. या दोन बातम्या वेगवेगळ्या वाचल्या की अंदाज हमखास चुकतो.

आधी कोट्याचं, म्हणजे गटानं प्रत्येक देशाला ठरवून दिलेल्या उत्पादन मर्यादेचं बघू. ऑक्टोबर 2022 मध्ये रोज 20 लाख बॅरलची कपात जाहीर झाली. पण नायजेरिया, अंगोला आधीपासूनच कोट्याच्या खूप खाली होते. खरी कपात 10-11 लाखांचीच असेल, असं सौदीचे ऊर्जामंत्रीच म्हणाले होते. 2025 मध्ये उलटा प्रकार. गटातल्या आठ देशांनी रोजच्या उत्पादनाचा कोटा एप्रिलला 1.38 लाख, मग मे, जून, जुलैला दर महिना आणखी 4.11 लाख बॅरलनं वाढवला. यात इराक, कझाकस्तान आधीच कोट्याबाहेर तेल काढत होते. त्यांची 'वाढ' म्हणजे चालू उपशाला मिळालेली पावती. शिवाय उन्हाळ्यात सौदी विजेसाठी स्वतःच कच्चं तेल जाळतो, ते बॅरल जहाजावर चढतच नाहीत. म्हणून घोषणा सोडा, महिना-दीड महिन्यानं किती टँकर भरून निघाले ते मोजा.

आता खरी मेख. उत्पादन वाढवलं की राखीव क्षमता तेवढीच घटते. राखीव म्हणजे 30 दिवसांत सुरू होईल आणि निदान 90 दिवस टिकेल असं उत्पादन. ते मुख्यतः सौदी आणि अमिरातीकडे आहे, म्हणजे आखातातून बाहेर पडायची जी चिंचोळी समुद्रवाट, त्या हॉर्मुझच्या आतल्या बाजूला. या सामुद्रधुनीतून एरवी रोज साधारण 2 कोटी बॅरल जातात. वळसा घालायला सौदीची तांबड्या समुद्रावरच्या यानबूपर्यंतची आणि अमिरातीची हॉर्मुझबाहेरच्या फुजैरा बंदरापर्यंतची पाइपलाइन आहे, पण दोन्ही मिळून एवढा माल वाहू शकत नाहीत. आडात भरपूर आहे, पोहरा वर यायची वाट तेवढी चिंचोळी.

वाट चालू असेल तर मात्र युद्धाचा भाव टिकत नाही. 14 सप्टेंबर 2019 ला सौदीच्या अबकैक तेलप्रक्रिया केंद्रावर हल्ला झाला, रोजचे 57 लाख बॅरल बंद पडले, सोमवारी ब्रेंट, म्हणजे जगभर प्रमाण मानलं जाणारं कच्चं तेल, जवळपास 20 टक्के उसळलं. महिना संपेपर्यंत सगळी तेजी धुऊन निघाली. जून 2025 मध्ये इस्रायलच्या हल्ल्याआधी ब्रेंट 69 डॉलर होतं, 23 जूनला 81 च्या वर जाऊन आलं, 24 ला 67. टँकर अडले नव्हते, बस.

विम्याच्या आकड्यांनीही घाबरू नये. 10 कोटी डॉलरच्या महाकाय टँकरला अर्धा टक्का युद्धजोखीम विमा लागला तर 5 लाख डॉलर होतात. त्यात 20 लाख बॅरल मावतात, म्हणजे बॅरलमागे 25 सेंट. भाव विम्यानं पेटत नाही. मालक जहाज आत घालायलाच नाही म्हणाला, की पेटतो.

एमसीएक्स या आपल्या वायदे बाजारात हॉर्मुझचा सट्टा खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथला क्रूडचा वायदा डब्ल्यूटीआय या अमेरिकी कच्च्या तेलाच्या भावावर मिटतो, आणि आपल्या रिफायनऱ्या घेतात त्या तेलाच्या बास्केटमध्ये मोठा वाटा ओमान-दुबई या आखाती दराच्या तेलाचा. आखातात वाट अडली तर आधी दुबई चढेल, डब्ल्यूटीआय तेवढंच चढेल असं नाही. याच वायद्यानं एप्रिल 2020 मध्ये उणे 2,884 रुपयांचा सेटलमेंट भाव दाखवला होता. आणि एक लॉट, म्हणजे सौद्याचं एकक, 100 बॅरलचा. लॉकडाऊनमुळे व्यवहार संध्याकाळी 5 ला बंद झाले होते आणि न्यूयॉर्कमधली पडझड आपल्या रात्री झाली. विकायलाही कुणाला मिळालं नाही.