मावशी, तो ग्राइंडर आधी खाली ठेव

रविवारी सकाळी चिपळूणहून मावशीचा फोन आला. "अरे, गणपतीच्या आधी हॉलची जमीन बदलतोय. मिस्त्री नकोच म्हणतो धाकटा. ग्राइंडर मागवलाय त्याने." मागोमाग तिने एक फिरता मेसेज पाठवला. 'मिस्त्रीला विसरा! कोणती फरशी किती सोपी?' क्लिकच्या (एकमेकींत अडकवून बसवायच्या) फळ्यांना दहापैकी दहा, विनाइल शीटला नऊ, जुन्या लादीवर नव्या टाइल्सना आठ, कोट्याला दोन, शहाबादीला एक. खाली टाइल कापायच्या टिपा आणि 'दोन दिवसांत घर नवं' अशी हमी. हे गुण कुणी दिले, कुठल्या जमिनीवर बसवून दिले, त्याचा पत्ता नाही. सोळा वर्षं साइटवर सुपरवायझरी करतोय, पण आजवर असल्या मेसेजना उत्तर दिलं नाही. आता मावशीच्या घरात ग्राइंडर आलाय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

तर आधी त्या टिपाच. शब्दशः अशा आहेत: 'टाइल कोरडीच कापा, पाण्याने चिखल होतो. तोंडाला रुमाल बांधा. रेघ दिसत नसेल तर कटरचा गार्ड काढा.'

गार्ड काढा! चार इंची चाक मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे मारत असतं. टाइलमध्ये अडकलं की मशीन हातातून उसळतं, चाक फुटलं तर तुकडे तोंडावर येतात. तो पत्र्याचा अर्धगोल नेमका त्यासाठीच असतो. आमच्या साइटवर गार्ड काढलेला दिसला तर मी मशीनची वायर काढून खिशात घालतो आणि चार शिव्याही घालतो.

आता धूळ. व्हिट्रिफाइड टाइल, कोटा, ग्रॅनाइट, सिमेंटचा कोबा, कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांत सिलिका असते. कोरडं कापलं की तिची जी बारीक भुकटी उडते, तिच्यातली घातक धूळ डोळ्यांना दिसतही नाही. दिसते ती जाडी पूड, जी फडक्याने पुसता येते. न दिसणारी रुमालातून आरपार जाऊन फुप्फुसाच्या तळाशी बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये या स्फटिकी सिलिकाला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग करते हे पक्कं ठरलेल्यांत. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्यातही सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सरकारला कळवायलाच हवा अशा आजारांच्या यादीत होता. एका दुपारच्या कापणीने कुणाला सिलिकोसिस होत नाही, हे मान्य. पण मावशीला दमा आहे, घरात तीन वर्षांची नात आहे, आणि कापणी चालणार बंद खोलीत, कारण बाहेर पाऊस.

पाण्याबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतून कापलंत तर शॉक बसू शकतो. पण म्हणून कोरडं कापायचं नसतं, हातकटर आणायचा असतो. काच कापतात तशी रेघ ओढायची, दांडी दाबायची, टाइल कट्कन मोडते. धूळ नावापुरती. सरळ कापासाठी तो पुरतो. कोपरे नि पाइपाची भोकं राहतात, ती मापं देऊन दुकानातून कापून आणा.

क्लिकच्या फळ्यांचे दहा गुण. सोप्या आहेत, नाही म्हणत नाही. सपाट, कोरड्या जमिनीवर दहा बाय बाराची खोली दोघांनी एका दुपारी संपवलेली मी पाहिली आहे. पण मेसेज म्हणतो 'कोणत्याही जमिनीवर थेट', तिथे घोळ आहे. खोक्यातला कागद वाचा: दहा फुटांत साधारण पाच मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार नको, भिंतीकडेने आठ-दहा मिलिमीटर फट सोडा. मावशीचा हॉल म्हणजे आजोबांच्या वेळचा लाल कोबा, मधे बशीसारखा खोलगट. त्यावर फळ्या टाकल्या की पाय पडताच वरखाली होणार, आणि वर्षभरात जोड मोडणार.

शिवाय ओल. कोकणातलं तळमजल्याचं घर, खाली जांभा आणि माती. मी मावशीला सांगितलं, हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर चिकटव आणि उद्या उचलून बघ. दुसऱ्या दिवशी फोटो आला. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव, खालचा कोबा गडद. मावशी क्लिकच्या फळ्यांतलं लॅमिनेट घेतेय, म्हणजे आत दाबलेला लाकडाचा भुसा. तो ही ओल पिऊन कडेने फुगणार. एसपीसीची, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिकची फळी फुगत नाही, पण खाली कुबट वास धरतोच. जुलै 2021 चा पूर याच हॉलमधून गेला होता. चिखल काढला, पाइपाने धुतला, कोबा होता तसाच.

जुन्या लादीवर टाइल्स: होतं, चांगलंही होतं. पण आधी ठोकून बघायचं. जिथे पोकळ वाजेल ती लादी काढावीच लागते. गुळगुळीत कोब्याला छिन्नीने टोचे मारावे लागतात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, त्यामुळे नुसता सिमेंटचा माल तिला धरत नाही. अ‍ॅडेसिव्ह लागतो, आणि पिशवीवर आयएस 15477, हे त्याचं भारतीय मानक, लिहिलेलं बघून घ्यायचा. उंची अर्धा इंच वाढली की दरवाजे खालून रंधायचे, मोरीचा ढाळ पुन्हा जुळवायचा. यातलं काहीही त्या आठ गुणांत नाही.

विनाइल शीटबद्दल फारसं बोलत नाही. खालचा एकेक खडा वर उमटतो, एवढंच. शहाबादी अवघड म्हणणाऱ्याने ती बसवताना पाहिलेली नसावी. जड आहे, पॉलिशला चिखल होतो, पण ओबडधोबड जमीन मालातच सावरली जाते. गावातला कुठलाही गवंडी बसवतो.

'दोन दिवसांत'? अ‍ॅडेसिव्हवरच्या टाइलवर एक दिवस पाय ठेवायचा नसतो, सांधे त्यानंतर भरायचे. कोब्याची पातळी करून घेतली तर ती वाळायला आणखी दिवस.

ग्राइंडर परत गेला. लॅमिनेटची ऑर्डर धाकट्याने अजून रद्द केलेली नाही, प्लॅस्टिकचा फोटो बघून म्हणतो, "दादा, पंखा लावला की वाळेल."