दिसला का, दाजी?

आमच्या मेहुण्याचं बोट डोंगराच्या दिशेनं उठलं की माझ्या पोटात गोळा येतो. पुढचा प्रश्न मला पाठ आहे. "दिसला का, दाजी?"

मला कधीच काही दिसत नाही. डोळे तपासून झालेत, चष्म्याचा नंबर बरोबर आहे, एसटीची पाटी मी कोपऱ्यावरून वाचतो. बिघाड डोळे आणि डोकं यांच्या मधल्या वायरिंगमध्ये कुठंतरी आहे. "त्या काळ्या खडकाच्या डावीकडं, वाळक्या झुडपाच्या दोन बोटं वर" असं कुणी सांगितलं की मला काळे खडक चाळीस दिसतात, वाळकी झुडपं शंभर, आणि बोटं माझीच दहा. लग्नात भटजींनी भर दुपारी मांडवाबाहेर नेऊन अरुंधतीचा तारा दाखवला होता. "दिसली?" म्हणाले. मागं पंगत खोळंबली होती. "दिसली," म्हणालो. संसाराची सुरुवातच त्या थापेनं झाली, तेव्हा पुढच्या थापांचं पाप माझ्या एकट्याच्या माथी मारू नये.

तर अशा माणसाला घेऊन घरचे लोक लडाखला निघाले. जून महिना. मी, बायको, तिचा भाऊ, त्याची पाइपाएवढी लेन्स आणि माझी मावशी. मावशी अडुसष्ट वर्षांची. रोज पहाटे आयर्विन पुलावरून दोन फेऱ्या मारते आणि आमच्यासारख्यांना "बसके" म्हणते. तिनं सामानात सांगलीचं भडंग, लसणाची चटणी आणि विरळ हवेवर उतारा म्हणून कापराच्या पुड्या घेतल्या होत्या.

लेह साडेअकरा हजार फुटांवर. तिथं पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. या सहलीतला हा एकमेव कार्यक्रम मी निर्दोष पार पाडला. तिसऱ्या दिवशी 'चांग ला' या खिंडीकडं निघालो तेव्हा बॅगेतली भडंगाची पाकिटं उशीसारखी टम्म फुगली होती. बाहेर हवेचा दाब कमी, आत सांगलीची हवा तशीच. खिंड साडेसतरा हजार फुटांच्या वर. मागं फौजी ट्रकांचा ताफा, सरहद्दीचा मुलूख, आणि ऐन वळणावर गाडीत फाट्‌कन आवाज झाला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, खाली उतरून चारही टायर लाथा मारून बघितले. परत आला तर त्याच्या सीटवर चुरमुरे. त्यानं एक उचलला, हुंगला, खाल्ला आणि "और है?" म्हणाला. त्या दिवसापासून तो आमचा झाला.

पँगाँगबद्दल मी काय सांगणार, प्रत्येकाच्या फोनात तो असतोच. एका सिनेमामुळं काठावर पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढायला रांग असते. बायको त्या रांगेत गेली. १३४ किलोमीटर लांबीचा तलाव, त्यातला साधारण तिसरा हिस्सा आपल्याकडं आणि बाकीचा पुढं तिबेटात. पाणी दर दहा मिनिटांनी रंग बदलतं. मावशीनं वाकून ओंजळभर घेतलं, जिभेला लावलं, थुंकलं आणि जाहीर केलं, "खारट आहे. आमटीत घातलं तर मीठ वाचेल." खारट असूनही हिवाळ्यात हे सगळं गोठून दगड होतं, असं ड्रायव्हर सांगत होता. तेवढ्यात मेहुण्याचं बोट उठलं.

"तो बघा दाजी, चीन! दिसला का?"

डोंगर, त्यामागं डोंगर, त्यामागं आणखी फिका डोंगर. कुठल्याच डोंगरावर काही लिहिलेलं नव्हतं. पण देशाच्या सीमेवर उभं राहून "दिसला नाही" म्हणणं बरं दिसत नाही. "दिसला की," मी छाती काढून म्हणालो. त्या उंचीवर समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के प्राणवायू असतो. छाती लगेच आत गेली. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "सर, वो तो इधर का ही पहाड़ है. चीन लेक के मोड़ के पीछे है." म्हणजे मेहुण्यालाही दिसला नव्हता. पण त्याची कुणी चौकशी केली नाही.

मारमॉट मात्र मला दिसला, हे इथं नोंदवून ठेवतो. ड्रायव्हर त्याला 'फ्या' म्हणाला. मुंगूस आणि घूस यांच्यामधलं काहीतरी, पण चांगलं खाल्ल्यापिल्ल्या घरचं. अर्धं वर्ष बिळात झोपून काढतो, उरलेल्या अर्ध्यात पुढच्या झोपेसाठी चरबी साठवतो. मी असाच जगलो असतो, पण मला नोकरी आहे. रस्त्याच्या कडेला तो दोन पायांवर उभा होता, पुढचे पंजे पोटावर, वाढपी आपल्या पानापर्यंत कधी येतोय याची वाट बघावी तसा. शेजारी 'यांना खाऊ घालू नका' अशी पाटी आणि पाटीला टेकून बिस्किटं भरवणारं एक सुखी कुटुंब. तो इतका जवळ होता की माझं त्यात काहीच कर्तृत्व नाही, असं बायकोचं म्हणणं पडलं.

हानलेकडं जाताना क्यांग भेटले. वर तांबूस, खाली पांढरे, जगातली सगळ्यात मोठी रानगाढवं. दहा-बाराचा कळप गाडीच्या बरोबरीनं धुरळा उडवत धावत सुटला. त्यांना म्हणे गाडीशी शर्यत लावायची खोडच असते. यांना कुणी कधी ओझ्याला जुंपू शकलेलं नाही, असं मेहुण्यानं अभिमानानं सांगितलं. मावशी बराच वेळ बघत राहिली. "विमानाचं तिकीट काढून गाढवं बघायला आलो," ती म्हणाली, "पण गाढवं शहाणी निघाली."

त्सो मोरीरी तलावावर पोचलो तेव्हा वारा असा होता की टोपी एकीकडं, मी एकीकडं. उंची साडेचार हजार मीटर. काठावर कोरझोक गाव आणि गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. पाण्यात दूरवर पांढुरके ठिपके. ते पट्टकादंब निघाले. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले राखी हंस. पट्ट्या बाकी सगळ्यांना दिसल्या. हे पक्षी हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या भिगवणला आणि जायकवाडीला येतात, अशी माहिती मेहुण्यानं दिली.

"म्हणजे हिवाळ्यात ते आपल्याकडं येतात आणि उन्हाळ्यात आपण यांच्याकडं?" मावशीनं विचारलं. "आधी कळवाकळवी केली असती तर कुणाचीतरी एक खेप वाचली असती."

त्सो कारच्या दलदलीत काळ्या मानेचा करकोचा होता. लडाखचा राज्यपक्षी, स्थानिक नाव 'ठुंग ठुंग कर्मो'. कॅम्पाभोवतीच्या उरल्यासुरल्या अन्नावर पोसलेली भटकी कुत्री त्याची अंडी-पिल्लं खातात, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, आणि त्या भरात मी एका पांढऱ्या दगडाकडं बघून "किती रुबाबदार उभा आहे" असं म्हणून गेलो. करकोचा उजवीकडं होता. मेहुणा काही बोलला नाही. फक्त त्यानं लेन्स पुसली.

खरी परीक्षा हेमिस राष्ट्रीय उद्यानात होती. १९८१ साली झालेलं, पसारा ४,४०० चौरस किलोमीटर, आणि त्यात शोधायचा तो हिमबिबट्या, लडाखीत 'शान'. राखी दगडांत राखी जनावर, अंगावर सावल्यांचेच ठिपके. ज्या माणसाला घरच्या फ्रिजमधली कोथिंबीर सापडत नाही त्याला हे बघायला नेणं म्हणजे छळ आहे. आख्ख्या लडाखात असे बिबटे ४७७ असल्याचा अंदाज २०२४ साली जाहीर झाला. एवढे मोजले तरी कुणी, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. शिवाय उन्हाळ्यात तो भरलांच्या, म्हणजे रानमेंढ्यांच्या, मागं उंचावर निघून जातो. "ठंड में आओ" असं गाइडनं बजावलं होतं. पण मेहुण्याची रजा जूनमध्ये.

झिंगचेनला गाडी सोडून रुम्बककडं चढू लागलो. मावशी पुढं, मी कापूर हुंगत मागं. मुक्काम होमस्टेत. घरच्या आजोबांनी बटर-चहा ओतत सांगितलं, पूर्वी शान रात्री गोठ्यात शिरला की एका दमात कितीतरी मेंढ्या मारायचा, लोक त्याच्या जिवावर उठायचे. मग गोठ्यांच्या छतांना जाळी बसली, त्याला बघायला पाहुणे येऊ लागले, घरात चार पैसे आले. आता तो दिसला की लोक दगड उचलत नाहीत, फोन उचलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाइडनं दुर्बीण तिवईवर लावली, पाच मिनिटं कड्यावरून फिरवली आणि थांबला. कुजबुज. रांग. मेहुणा "आहाहा" म्हणाला. बायको "अगं बाई" म्हणाली. मावशी बघून "छान" म्हणाली. माझी पाळी आली. दगड. वर दगड, खाली दगड, मधे माझ्याच पापणीचा केस.

"दिसला का, दाजी?"

"दिसला!" मी जीव तोडून म्हणालो. "काय ती शेपूट! अंगाएवढी लांब! कशी गुंडाळून बसलाय!"

शांतता पसरली. गाइडनं अदबीनं घसा खाकरला. "सर, वो नापो है. भरल. घास खा रहा है."

भरल म्हणजे तीच रानमेंढी. तिची शेपूट वीतभरही नसते.

त्या दिवशी जेवणात माझ्याशी कुणी बोललं नाही. हसत होते त्यामुळं बोलता येत नव्हतं. रात्री चुलीजवळ मी आणि मावशी दोघंच उरलो. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि जवळ सरकली.

"बाळ्या, तुला खरंच काही दिसलं नाही?"

"नाही गं."

"मलाही नाही." तिनं भडंगाचं शेवटचं पाकीट फोडलं. "पँगाँगपासून नाही. गाढवं तेवढी दिसली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डॉक्टरनं मार्चमध्येच सांगितलंय. तुम्ही सहलच रद्द कराल म्हणून बोलले नाही."

"अगं, मग 'छान' काय म्हणालीस?"

"छानच होतं की. गार वारा येत होता."

ऑगस्टमध्ये तिची ऑपरेशनं झाली. जानेवारीत तिनंच हट्ट धरून आम्हाला भिगवणला नेलं. उजनीच्या पाण्यावर धुकं, होडी हळूहळू सरकतेय, नावाड्यानं वल्हं थांबवलं. मावशी होडीच्या टोकाशी ताठ बसली होती, नव्या डोळ्यांनी. अचानक तिचं बोट उठलं.

"ते बघ, त्सो मोरीरीवाले! डोक्यावरच्या पट्ट्या बघ की रे, एक, दोन! दिसल्या का?"

मी धुक्याकडं बघितलं.

"दिसल्या," म्हणालो.