पिवळ्या पिल्लांचे खोके

दुकानातल्या खोक्यावर 'पांढरी लेगहॉर्न, तलंगा' (म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या जातीच्या कोंबड्यांच्या माद्या) अशी चिठ्ठी होती आणि आत पिवळीधमक पिल्ले होती, म्हणून मी सहा आणली. तिसऱ्या आठवड्यात त्यांतल्या दोघांचे पाय जाडजूड झाले, छाती रुंदावली, आणि बाकीची खुराड्यात उड्या मारत असताना ही दोघे खाद्याच्या भांड्यापाशी पोटावर बसून चोच चालवत राहिली. ती ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवायची पिल्ले होती. आणखी एकाच्या नडगीवर पहिल्या दिवसापासून लव होती; भुसा चिकटला असेल म्हणून मी ती बोटाने झटकलीही होती. ते पिल्लू ब्रह्मा, म्हणजे पायांवर पिसे असणाऱ्या जातीचे निघाले.

हे घडते कसे, यात गूढ काही नाही. पांढऱ्या पिसांच्या बहुतेक जातींची पिल्ले पिवळीच असतात, त्यामुळे लवेच्या रंगावरून लेगहॉर्न आणि ब्रॉयलर वेगळे काढता येत नाहीत. बाहेर येण्यापूर्वी पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरते, म्हणूनच ती पहिल्याच दिवशी खोक्यांत भरून दूरवर पाठवता येतात. मग दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेल्या खोक्यांतून कोणी एक पिल्लू उचलून पाहतो आणि भलत्याच खोक्यात परत ठेवतो. ओळख पटवायची तर नडगी, बोटांची संख्या आणि तुऱ्याची ठेवण पाहावी. बहुतेक कोंबड्यांना चार बोटे असतात. पाचवे दिसले तर सिल्की, डॉर्किंग किंवा फॅव्हरोल यांचा विचार करावा.

ब्रह्माबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. ती सावकाश वाढेल, उशिरा अंडी देईल आणि ती पांढरी नसून तपकिरी असतील, एवढाच फरक. परंतु ब्रॉयलरची चूक मला जातीची चूक वाटत नाही. पूर्ण वाढलेली लेगहॉर्न कोंबडी जेमतेम दोन किलोची असते आणि ब्रॉयलर तेवढे वजन सहा आठवड्यांच्या आत गाठतो. ते शरीर वर्षानुवर्षे जगण्यासाठी घडवलेलेच नसते, आणि लेगहॉर्नसारखे दिवसभर खाद्य समोर ठेवले तर पाय आणि हृदय दोन्ही त्या वजनाखाली हार मानतात. अंड्यांसाठी पिल्ले नेणाऱ्या माणसाच्या पदरात, विशेषतः घरात मुले असतील तर, असे पिल्लू न सांगता टाकणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. जातीचे नाव चुकले तरी चालेल, पण मांसाची आणि अंड्यांची पिल्ले वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवायला दुकानदाराला काय अडचण आहे? (मी परत जाऊन विचारले, तेव्हा 'मोठी झाली की कळतेच' असे उत्तर मिळाले.)

दोघांपैकी एक आठव्या आठवड्यात सकाळी उताणा पडलेला सापडला. दुसऱ्याला आता मोजून दोन वेळा खाद्य देतो, आणि पाण्याचे भांडे मुद्दाम खुराड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो, म्हणजे तेवढे तरी तो चालतो.