‘बेलीबटन’ला नक्कल म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी गाडीत जेलीफिश ह्या अमेरिकन बॅंडचा ‘बेलीबटन’ हा अल्बम लावला होता. ‘द किंग इज हाफ-अनड्रेस्ड’ हे तिसरे गाणे मध्यावर आले असताना मागे बसलेल्या भाच्याने विचारले, “मामा, हे एआयकडून करून घेतलंय का? बीटल्ससारखं कर म्हणून?” मी गाडी चालवत होतो, म्हणून गप्प बसलो. आता चालवत नाही.

हा अल्बम १९९० सालचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँडी स्टर्मर आणि रॉजर मॅनिंग ह्या दोन मित्रांनी, जेसन फॉकनरच्या गिटारीची साथ घेऊन, दहा गाण्यांत जे उभे केले ते यंत्राचे काम वाटावे, हे मला सहन होत नाही. हा स्टर्मर रंगमंचाच्या अगदी पुढे उभा राहून ड्रम वाजवायचा आणि त्याच वेळी मुख्य गायकही तोच असायचा. हातपाय एकीकडे आणि गळा दुसरीकडे असे काम ज्याने कधी करून पाहिले आहे, त्याला ह्यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

आमच्या घरी ह्या अल्बमची कॅसेट मावसभावाने कॅलिफोर्नियाहून आणली होती. वॉकमन एकच असल्यामुळे दादा आणि मी हेडफोनचा एकेक कान वाटून घेत असू. परिणामी त्याला एका बाजूचे आवाज ऐकू येत आणि मला दुसऱ्या बाजूचे, आणि गाण्याची खरी चाल कोणती ह्यावरून आमची भांडणे होत. दोघेही आपापली चाल मोठ्याने म्हणून दाखवत असू. एकदा आई स्वयंपाकघरातून ओरडली, “एकाच वेळी दोन गाणी कसली म्हणताय रे?” त्या क्षणी आम्हाला कळले, की आम्ही एकच गाणे म्हणत होतो आणि ते असे दोन गळ्यांनीच पूर्ण होत होते.

आपल्याकडे एकट्या गळ्याची सवय असल्यामुळे ही गंमत पटकन लक्षात येत नाही. गोव्यात मांडो, म्हणजे दोन आवाजांत गायली जाणारी कोकणी गाणी, ऐकत वाढलेल्यांना कदाचित लवकर कळेल. ‘द किंग...’च्या मधल्या भागात आवाजावर आवाज असे रचले आहेत, की वरचा काढला तर खालचा पोरका होतो. निर्मात्यांपैकी अल्बी गॅल्यूटन ह्यांनी पूर्वी बी जीज ह्या बॅंडसोबत ‘सॅटर्डे नाइट फीवर’ ह्या चित्रपटाच्या गाण्यांचे काम केले होते, आणि ही जाण इथे जागोजागी दिसते.

राहिला नक्कलीचा आरोप. बीटल्स, बीच बॉइज, बॅडफिंगर हे सगळे जुने बॅंड ह्यात ऐकू येतात आणि बॅंडने ते लपवलेलेही नाही. गोड चाली आणि दमदार गिटारी असलेल्या ह्या संगीताला पॉवर पॉप म्हणतात; हे नावच मुळी ‘द हू’ बॅंडच्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्ये वापरले होते, त्यामुळे ह्या वाटेने जाणारा मागे वळून पाहणारच. आपण किराणा घराण्याच्या गायकाला “तुम्ही गुरूंसारखे गाता” असे म्हणतो, तेव्हा ती दाद असते. मग तीच गोष्ट ह्या पोरांच्या बाबतीत गुन्हा कशी होते? होय, एखाददुसऱ्या गाण्यात साखर जास्त पडली आहे आणि त्यांचे ते सर्कशीतले कपडे मलाही कधी झेपले नाहीत. पुढे बोलूया.

कारण त्या साखरेखाली काय आहे, हे कोणी ऐकतच नाही. ‘शी स्टिल लव्ह्ज हिम’ हे गाणे छळणाऱ्या नवऱ्यावर तरीही प्रेम करत राहणाऱ्या बाईचे आहे. इतक्या देखण्या चालीत इतके कडू सांगितल्यामुळेच ते अंगावर येते. दादा त्या गाण्याला आपला कान काढून मला द्यायचा, म्हणायचा, “हे तू पूर्ण ऐक.” तेव्हा मला वाटायचे की त्याला ते आवडत नाही.

लिहिता लिहिता भाच्यावरचा राग मात्र ओसरला आहे. सुरेल, नेटके, चुका नसलेले काही ऐकले की ते यंत्राचेच असणार असे त्याला वाटते, कारण त्याच्या कानांवर तसेच पडत आले आहे. राग आहे तो आमच्या पिढीतल्या जाणकारांवर, ज्यांनी १९९१ च्या शरदात निर्वाणा बॅंडचा ‘नेव्हरमाइंड’ हा खरखरीत रॉकचा अल्बम आल्यावर घोगरा तोच खरा आणि गोड तो खोटा असे ठरवून टाकले. (‘नेव्हरमाइंड’ मलाही आवडतो, पण तो मुद्दा नाही.) जेलीफिश दुसऱ्या अल्बमनंतर १९९४ मध्ये फुटला. ‘बेबीज कमिंग बॅक’ हे त्यांचे गाणे अमेरिकेत पहिल्या चाळिसातही पोचले नव्हते; २००७ मध्ये मॅकफ्लाय ह्या इंग्रज बॅंडने तेच गायले, तर ते ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेले. गाणे तेच होते आणि तेव्हा ते कोणाला जुनाट वाटले नाही.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी ‘दॅट इज व्हाय’पासून सुरुवात करावी, आणि कृपया मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. खाली कॉमेंटमध्ये ज्याला “पण बीटल्स...” असे लिहायचे असेल, त्याने आधी दहाही गाणी संपवावीत.