एक सांगायचं राहिलं

आज दुपारच्या सुट्टीत माझ्या एका सहकारी मैत्रिणीने, बराच वेळ धीर गोळा करून, आम्हाला सांगितले की दोन वर्षे वेगळा राहिलेला तिचा नवरा पुढच्या आठवड्यात घरी परत येतो आहे आणि हा निर्णय दोघांनी मिळून घेतला आहे. ती एवढे बोलून थांबते न थांबते तोच टेबलावरच्या एकीने म्हटले, "फुटलेली काच सांधली तरी तडा दिसतोच." मैत्रिणीचा चेहरा उतरला आणि ती काही न बोलता उठून गेली. तेव्हापासून मनात साचलेला संताप इथे लिहून काढल्याशिवाय मला आज झोप लागणार नाही.

काचेला चूक कबूल करता येत नाही. माणसाला येते. ज्या बाईने दोन वर्षे रात्री जागून, स्वतःशी भांडून हा निर्णय घेतला, तिला एका ओळीत निकालात काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? इथल्या माझ्या मित्रयादीतल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको, कारण तुमच्यापैकी अनेकांनी माझ्या वाईट दिवसांत मला एकही प्रश्न न विचारता सोबत केली आहे.

मी आणि माझा नवरा 14 महिने वेगळे राहिलो. आमच्यामध्ये तिसरे माणूस आले नव्हते. त्याने त्याच्या भावाच्या धंद्यासाठी मला न सांगता कर्ज काढले, आमची शिल्लक त्यात घातली, आणि 3 वर्षे दर महिन्याला माझ्यासमोर बसून घरखर्चाचा हिशेब मांडताना त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला ते बँकेच्या फोनवरून कळले. पैसे गेल्याचे दुःख मी पचवले असते. पण मी रात्र रात्र मोजत बसे की 3 वर्षे म्हणजे 36 महिने, म्हणजे 36 वेळा तो माझ्यासमोर वही उघडून बसला आणि 36 वेळा त्याने ती तशीच मिटली. भावावर त्याचा जीव होता आणि त्याला नाही म्हणणे त्याला जमले नाही, हे मला आज समजते. तेव्हा समजत नव्हते, आणि समजून घ्यायची माझी इच्छाही नव्हती.

तो परत आला त्याला दोन महिने झाले असतील. एका रात्री पावणेबाराला त्याने मला हलवून जागे केले आणि म्हणाला, "अगं, एक सांगायचं राहिलं." दुपारी त्याने एका मित्राला थोडे पैसे उसने दिले होते. रक्कम इतकी किरकोळ होती की त्याने सांगितले नसते तर मला जन्मात कळले नसते. मी अंथरुणात उठून बसले आणि किती तरी वेळ रडत राहिले. तो घाबरला, त्याला वाटले पुन्हा काही तरी बिघडले. त्याला कसे सांगणार होते की मिटलेल्या 36 वह्यांमधली पहिली वही त्या रात्री उघडली होती?

त्या काळात आम्ही ज्या समुपदेशक बाईंकडे जात होतो, त्यांनी आम्हाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी मांडलेला क्रम समजावून सांगितला होता. ज्याने विश्वास मोडला त्याने आधी सबबी न सांगता चूक मान्य करायची आणि समोरच्याचा राग वारंवार ऐकून घ्यायचा, मग दोघांनी एकमेकांचे मन नव्याने जाणून घ्यायचे, जवळीक त्यानंतर. आपल्याकडे बहुतेकदा हा क्रम उलटा धरला जातो. माणूस घरी आला, दोघे एका छताखाली झोपले, की सगळे मिटले असे घरचे जाहीर करून टाकतात, आणि मग जिचा विश्वास मोडला तिने जुना विषय काढला की "अजून तेच का उगाळतेस?" असे तिलाच विचारले जाते. ती उगाळत नसते. तिला तोच प्रश्न दहाव्यांदा विचारून उत्तर दहाव्यांदाही तेच येते का, हे पाहायचे असते.

आता माझ्याबद्दलही लिहिते, कारण ते न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो आंघोळीला गेला की मी त्याचा फोन चोरून उघडत असे, त्याचे संदेश वाचत असे, आणि तो बाहेर यायच्या आत फोन होता तिथे ठेवून देत असे. मला त्यात कधी काही सापडले नाही, तरी मी थांबले नाही. मग त्या पावणेबाराच्या रात्रीनंतर काही दिवसांनी मला जाणवले की या घरात आता लपवून काही करणारी व्यक्ती मीच उरले आहे. मी त्याला ते सांगितले. तो म्हणाला, "मला माहीत होतं, पण तुला थांब म्हणायचा हक्क मी गमावला होता." त्यानंतर मला फोन उघडावासा वाटला तर मी त्याच्याकडून मागून घेत असे, त्याच्यादेखत. हळूहळू मागणेही विरळ झाले.

सगळीच जोडपी सावरतात असे मी म्हणत नाही. हॉलिवूडचे कलाकार एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांनी 1964 साली लग्न केले, 1974 साली घटस्फोट घेतला, 1975 साली पुन्हा एकमेकांशीच लग्न केले आणि 1976 साली पुन्हा घटस्फोट घेतला, हे मलाही ठाऊक आहे. जिथे हात उगारला गेला असेल तिथे परत जा असे मी कोणालाही सांगणार नाही, हेही मान्य.

पण आज दुपारी जे वाक्य बोलले गेले त्यात यातली कसलीच काळजी नव्हती. माझ्या वेळीही एका जवळच्या नातेवाईक बाईंनी मला विचारले होते, "इतकी लाचार झालीस का?" त्या प्रश्नाने मला आणखी तीन महिने अडवून धरले. नवऱ्यावर माझा थोडा थोडा विश्वास बसू लागला होता, तरीही लोक मला मूर्ख म्हणतील या भीतीने मी त्याला परत ये म्हणू शकले नाही. आमच्या 14 महिन्यांतले ते तीन महिने लोकांनी खाल्ले, आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही क्षमा नाही.

संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन केला. दुपारच्या प्रकाराबद्दल ती काहीच बोलली नाही. तिने एवढेच विचारले की पूर्ण विश्वास बसायला किती दिवस लागतात. मी तिला खरे तेच सांगितले, की आम्हाला आता सहा वर्षे होत आली आणि बँकेतून अनोळखी नंबरवरून फोन आला तर आजही माझ्या पोटात गोळा येतो. फरक इतकाच की तसा फोन आला की मी उठून त्याच्याकडे जाते, तो हातातले काम सोडतो, आणि आम्ही तो फोन दोघे मिळून ऐकतो.